वचन दिले म्हणून उघडलेले पुस्तक : रेव्ह. नारायण वामन टिळक

धर्मग्रामातील तरुण मुले-मुली हल्ली एक प्रश्न मोकळेपणाने विचारतात, आणि तो विचारल्याबद्दल त्यांचे कौतुकच करावयास हवे. घरात बायबल आहे, ते पवित्र आहे हेही मान्य आहे, परंतु ते वाचण्याची इच्छाच होत नाही. मग सुरुवात करावी कशी? दृढीकरण संस्काराच्या तयारीला येणारा मुलगा हे विचारतो, तसाच श्रद्धेकडे नव्याने वळलेला एखादा पंचविशीतला तरुणही विचारतो. अशा वेळी आपण बहुधा वेळापत्रक सांगतो: रोज एक अध्याय, सकाळी उठल्यावर किंवा रात्री निजण्यापूर्वी. सल्ला चांगला आहे. परंतु वेळापत्रकाने फार तर सवय लागते. ओढ कशाने लागते ते त्यात येत नाही. म्हणून आज सल्ल्याऐवजी एक चरित्र सांगावे असे योजिले आहे. ज्या मराठी माणसाने बायबल केवळ शब्द दिला होता म्हणून उघडले आणि पुढे आयुष्यभर ते मिटले नाही, त्याचे हे चरित्र आहे.

वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव आपल्या नावातच लोहमार्ग बाळगून आहे. भुसावळहून वर्ध्यावरून येणारी ही लोहमार्गाची वाट १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली. त्यानंतर नाशिक-खानदेशाकडून जो कोणी रेल्वेने नागपूरला आला, तो सिंदीवरूनच आला. पुढे थोड्याच अंतरावर बुटीबोरी लागते. त्या नावात ज्या बुटी घराण्याची आठवण आहे, त्याच घराण्यातील आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला १८९१ च्या सुमारास नाशिककडचा एक तिशीचा कवी व संस्कृत पंडित नागपुरात आला. त्याचे नाव नारायण वामन टिळक. आपल्या अनेक चर्चमध्ये मराठी मिस्साच्या वेळी ज्यांची भजने गायिली जातात, तेच हे टिळक. ते कॅथोलिक नव्हते, हे आरंभीच सांगितलेले बरे. ते अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत आले आणि त्याच परंपरेत पाळक झाले. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला विभक्त बंधूंच्या ठायी असलेले ख्रिस्ताचे देणे कृतज्ञतेने ओळखावयास शिकविले आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसावर टिळकांचे ऋण एवढे मोठे आहे की ते कोणत्या मंडळीचे होते हा प्रश्न भजन गाताना कोणाच्या मनात येत नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई प्रेमळ, धर्मशील आणि काव्याची आवड असलेली. वडील वामनराव सरकारी नोकर, स्वभावाने कडक. आईच्या मायेत वाढलेल्या या मुलाला पोरवयातच आईचा मृत्यू पाहावा लागला आणि त्यानंतर त्याचे मन घरात रमले नाही. तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. थोडे इंग्रजीही तो शिकला. पुढे गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्याचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. याच लक्ष्मीबाई टिळक, ज्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठी भाषेचे भूषण मानले जाते.

लग्न झाले तरी टिळकांचा पाय एका गावी ठरला नाही. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी वक्ता, असे ते हिंडत राहिले. हातात पैसा आला की तो कोणाला तरी देऊन टाकायचा, हा त्यांचा स्वभाव. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. बाहेरून हा सारा चंचलपणा वाटतो आणि काही अंशी तो होताही. परंतु आत एक शोध चालू होता. देशाची अवनती त्यांना छळत होती. जातिभेद त्यांना असह्य वाटू लागला होता. देव एक आहे, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, या पायावर एखादा नवा धर्मच आपण उभारावा, असेही त्यांच्या मनाने घेतले होते. आपल्या तरुणांत जे अस्वस्थ असतात, जे वाद घालतात, ज्यांचा एका ठिकाणी जीव लागत नाही, त्यांच्याकडे पाहताना टिळकांची ही तिशी आठवावी. तहान लागलेला माणूस पाण्यापासून दूर आहे असे म्हणता येत नाही.

नागपुरात बुटींकडे त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम होते. ‘ऋषी’ नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. हिंदू धर्मग्रंथांचा व्यासंग दांडगा होता. ख्रिस्ती धर्माविषयी मात्र त्यांचे मत त्या काळच्या सुशिक्षित देशभक्तांसारखेच होते: तो राज्यकर्त्यांचा धर्म, परक्यांचा धर्म. बायबल हा ग्रंथ त्यांनी मनापासून वाचलेला नव्हता आणि वाचण्याचे काही कारणही त्यांना दिसत नव्हते.

१८९३ साली कामधंद्याच्या निमित्ताने ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. सिंदी आणि बुटीबोरी पश्चिमेकडच्या वाटेवर राहिली. ही गाडी पूर्वेकडे, छत्तीसगडाच्या दिशेने जाणारी होती. डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसलेले होते. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात देशी माणसाचे स्वागत कसे होत असे, हे आपणा सर्वांस ऐकून ठाऊक आहे. या गृहस्थांनी मात्र टिळकांना सौजन्याने जागा दिली आणि बोलणे सुरू केले. बोलणे कशावर? धर्मावर नव्हे, तर काव्यावर. संस्कृत कवींविषयी त्यांना जाण होती, आणि टिळकांना तर त्या विषयावर कितीही वेळ बोलता आले असते. बऱ्याच वेळाने त्यांनी टिळकांना ख्रिस्ताविषयी त्यांचे मत विचारले, ते शांतपणे ऐकून घेतले आणि नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. हे पुस्तक अभ्यासपूर्वक वाचाल तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही त्यांनी सांगितले. टिळकांना ते भाकीत धाडसाचे, किंबहुना थोडे हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. तरीही समोरच्या माणसाच्या सभ्यतेने ते भारावले होते. वाचीन, असे वचन त्यांनी दिले. स्थानक आले, दोघे आपापल्या वाटेने गेले. एकमेकांचे नाव-पत्ता विचारण्याचेही राहून गेले.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात अशीच एक वाटेवरची भेट आहे. इथिओपियाच्या राणीचा एक अधिकारी यरुशलेमेहून परतत असताना रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत होता आणि त्याला काही उमगत नव्हते. फिलिप धावत रथापाशी गेला, काय वाचतोस ते कळते का असे त्याने विचारले, आणि बोलावल्यावर तो त्याच्या शेजारी जाऊन बसला. जो उतारा तो अधिकारी वाचीत होता, तेथूनच फिलिपने सुरुवात केली. स्नानसंस्कार होताच फिलिप दिसेनासा झाला आणि तो अधिकारी आनंद करीत पुढे गेला. नागपूर-राजनांदगाव गाडीतील त्या सहप्रवाशाने हेच केले. टिळक ज्या काव्यात रमलेले होते, तेथूनच त्याने सुरुवात केली, पुस्तक दिले, एक शब्द घेतला आणि तो दूर झाला. आपण नवख्याला बायबल देतो तेव्हा नेमके याच्या उलट वागतो. दृढीकरणाच्या दिवशी, लग्नात, बक्षीस समारंभात आपण चांगल्या बांधणीचे बायबल भेट देतो, छायाचित्र काढून घेतो, आणि वाचशील ना, हे विचारायचे तेवढे राहून जाते. उलट वाचन सुरू होण्याआधीच त्याला उपदेश मात्र पुष्कळ ऐकवितो.

टिळकांनी वचन पाळले. कोणताही ग्रंथ वाचताना पेन्सिल घेऊन खुणा करण्याची त्यांची पद्धत होती, तसेच हेही पुस्तक वाचावयाचे त्यांनी ठरविले. त्या क्षणी त्यांच्यापाशी भक्ती नव्हती, उत्सुकताही बेताचीच होती. होते ते दिलेल्या शब्दाला जागण्याचे बंधन. आपल्या तरुणांना हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण त्यांची अशी समजूत असते की आधी मनात ओढ निर्माण झाली पाहिजे, मग वाचन; ओढ नाही म्हणजे आपल्या श्रद्धेतच काही खोट आहे. टिळकांच्या बाबतीत क्रम उलटा होता. वाचन आधी झाले आणि ओढ वाचता वाचता लागली.

ती नेमकी कोठे लागली हेही टिळकांनी स्वतः सांगून ठेवले आहे. संत मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांना हलता येईना. पाचवा, सहावा आणि सातवा, असे हे तीन अध्याय. सारी मिळून १११ वचने. आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणणारे, शत्रूवर प्रीती करावयास सांगणारे, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नये असे बजावणारे, आकाशातल्या पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बोट दाखविणारे ते शब्द या कवीच्या अंतःकरणात थेट शिरले. तत्त्वज्ञानातील ज्या गहन प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षे बेचैन केले होते, त्यांची उत्तरे त्यांना तेथे इतक्या साध्या भाषेत सापडत गेली की ते चकित झाले. देव पिता आहे, हे त्यांनी नव्या धर्माचे कलम म्हणून मनाशी मांडले होते. येथे कोणी तरी त्या पित्याशी प्रत्यक्ष बोलत होता. मग पुढचे वाचल्याशिवाय त्यांना राहवेना.

येथे थोडे विषयांतर करतो. संत ऑगस्टीन एकोणीस वर्षांचे असताना सिसेरोच्या एका ग्रंथाने त्यांच्या मनात ज्ञानाची आस जागविली आणि त्या भरात त्यांनी पवित्र शास्त्रही उघडून पाहिले. सिसेरोच्या डौलदार लॅटिनपुढे त्यांना ते अगदी सामान्य वाटले आणि त्यांनी ते बाजूस ठेवले. पुढे तेरा वर्षांनी, ३८६ साली, मिलान येथील बागेत रोमकरांस पत्राचा एक उतारा वाचून तेच ऑगस्टीन पालटले. संत जेरोम यांनाही तारुण्यात संदेष्ट्यांची भाषा ओबडधोबड वाटत असे. पुढे त्यांनीच पवित्र शास्त्राचा बराच मोठा भाग लॅटिनमध्ये आणला. म्हणजे पहिल्या प्रयत्नात बायबल नीरस वाटणे हा काही आजच्या मोबाईल हाती धरलेल्या पिढीचाच दोष नाही. भवभूती-कालिदासांत वाढलेल्या टिळकांचेही तसेच होऊ शकले असते. तसे झाले नाही, याचे एक कारण माझ्या मते असे की त्यांच्या हाती सबंध बायबलाऐवजी नवा करार आला आणि त्याच्या पहिल्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरील प्रवचन उभे होते. कित्येक तरुण उत्पत्तीपासून उत्साहाने आरंभ करतात, निर्गम पार करतात आणि लेवीय पुस्तकातील अर्पणांच्या नियमांत अडकून पडतात. त्यांना कोणी तरी योग्य पान उघडून द्यावयास हवे असते. ज्याला कथा आवडते त्याला संत लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला द्यावा. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे त्याला संत योहानाचा अकरावा अध्याय, लाजराच्या कबरीपाशी रडणारा येशू. आणि जो वाद घालतो, ज्याला जगातील अन्याय सलतो, त्याला डोंगरावरील प्रवचन. सिंदीहून नागपूरला कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणाला गाडीच्या त्या तासाभरात हे तीन अध्याय दोनदा वाचून होतील.

पुस्तक वाचणे सोपे होते. त्याने जे मागितले ते देणे सोपे नव्हते. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. हे ॲबट पुढे महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी भाषांतरे करणारे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. ख्रिस्ताकडे ओढले जाणारे मन आणि जात, घर, लौकिक, पत्नी व लहान मुलगा यांच्याकडे ओढ घेणारे मन, असे द्वंद्व चालू राहिले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, भेंडीबाजार येथील मिशनच्या चर्चमध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो देशी पाळकाच्या हातून, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून व्हावा, असा त्यांनी आग्रह धरला होता. आपण ख्रिस्ताचे होत आहोत, गोऱ्या साहेबाचे होत नाही, हे त्यांना जगाला दाखवावयाचे होते. आगगाडीतील भाकिताची दोन वर्षे तेव्हा पुरती सरलीही नव्हती.

या बातमीने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असून त्या परित्यक्तेसारख्या झाल्या. नातलगांच्या आश्रयाला राहून त्यांनी जे दिवस काढले, त्यांचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे आणि ते वाचताना हसू व रडू एकाच वेळी येते. ख्रिस्ती वाचकाने हे पुस्तक अवश्य वाचावे, कारण एकाच्या धर्मांतराची किंमत घरातील दुसऱ्याला कशी मोजावी लागते, हे त्यात लपविलेले नाही. टिळकांच्या गौरवात हा भाग आपण बहुधा गाळतो. तो गाळू नये. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले. टिळकांनी पत्नीवर आपला धर्म लादला नाही. लक्ष्मीबाई आपल्या गतीने, आपल्या प्रश्नांनिशी, आपल्या सोवळ्याओवळ्याशी झगडत पुढे आल्या आणि पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. शीघ्रकोपी आणि उतावीळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने या एका बाबतीत दाखविलेला धीर मोठा आहे. घरातल्या मुलाने बायबल वाचावे म्हणून त्याच्यामागे तगादा लावणाऱ्या आईवडिलांनी टिळकांची ही पाच वर्षे ध्यानात घ्यावीत.

पुढील आयुष्य मुख्यतः अहमदनगर आणि त्या परिसरातील राहुरी येथे गेले. (अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) तेथील ईशज्ञान विद्यालयात टिळक शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. ‘बालकवी’ म्हणून ओळखले जाणारे त्र्यंबक बापूजी ठोंबरे काही काळ टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. फुलांवर आणि मुलांवर टिळकांनी लिहिलेल्या कवितांमुळे ‘फुलामुलांचे कवी’ ही ओळख त्यांना मराठी साहित्यात मिळाली. परंतु त्या वाङ्मयीन कीर्तीकडे येथे वळत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे. बायबल ज्याने त्यांचे आयुष्य पालटले, ते इतरांपर्यंत कसे पोहोचवावे, याचा विचार टिळकांनी स्वतःच्या अनुभवावरून केला. खेड्यापाड्यांतील नवख्रिस्ती माणूस चर्चमध्ये येत असे आणि तेथे इंग्रजी चालींवर बसविलेली मराठी गीते गात असे. शब्द मराठी, श्वास परका. हाच माणूस रात्री मंदिरात किंवा चावडीवर अभंग ऐकावयास गेला तर तल्लीन होई. टिळकांनी अभंग, ओवी, पदे, कीर्तन या सर्वांना ख्रिस्तचरित्राच्या सेवेला लावले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत असत. तोच पूल त्यांनी इतरांसाठी खुला ठेवला. ‘उपासना संगीत’ या भजनपुस्तकातील मोठा वाटा त्यांचा आहे. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही शुभवर्तमान पाठ झाले, कारण ते त्याच्या ओठांवर आले होते.

आपल्या कॅथोलिक परंपरेत ही वाट तीन शतके आधी एकाने घालून दिली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टीत त्यांनी हयात घालविली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ का लिहिला गेला, त्याचा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीच आला आहे. एका रविवारी धर्मशिक्षण चालू असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने नम्रपणे गाऱ्हाणे मांडले: आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे असे काही आमच्या भाषेत तुम्ही का देत नाही? स्टीफन्स यांना त्या गाऱ्हाण्यात उद्धटपणा दिसला नाही. त्यांना त्यात भूक दिसली, आणि त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठी ओवीत सांगितली. १६१६ नंतर १६४९ व १६५४ साली तिच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या हातातील हे साधन दुबळे झाले. सत्तेच्या सोयीसाठी भाषा तोडली की श्रद्धेचे मूळही सुकते, हे त्या फर्मानाचे फळ आपल्याच इतिहासात आहे. पुढे अनेक पिढ्या सामान्य कॅथोलिक माणसाच्या हाती जपमाळ व प्रार्थनापुस्तक होते, बायबल क्वचित. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणाविषयीचे संविधान संमत केले आणि पवित्र शास्त्राची दारे सर्व श्रद्धावंतांना सताड उघडी असावीत, असा स्पष्ट आग्रह धरला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. आणि मराठीत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. २०२४ साली फादर दिब्रिटो प्रभूघरी गेले. पुस्तक आपल्यापाशी आहे.

टिळकांच्या अखेरच्या वर्षांविषयी कॅथोलिक वाचकाला थोडे अडखळावयास होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाची ख्रिस्तशिष्यांची बंधुता आरंभिली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही स्थान होते. स्नानसंस्कार आणि ख्रिस्तसभा यांचे जे मोल आपण मानतो, त्याच्याशी ही कल्पना जुळत नाही आणि ती जुळवून दाखविण्याचा खटाटोपही करू नये. तथापि तिच्या मुळाशी टिळकांच्या जीवनातील तोच जुना प्रवास आहे. पुस्तक हाती आल्यापासून बाप्तिस्म्यापर्यंतची ती दोन वर्षे ते स्वतः उंबरठ्यावर उभे होते. तेथे उभे असणाऱ्यांना कोणी बाहेर उभे ठेवू नये, असे त्यांना वाटले असावे. आपल्या ख्रिस्तसभेनेही दीक्षार्थींची प्राचीन पद्धती परिषदेनंतर पुन्हा सुरू केली. उंबरठ्यावरच्या माणसासाठी तीत टप्प्याटप्प्याने स्थान आहे आणि पवित्र शास्त्र ऐकविणे हा तिचा गाभा आहे.

१९०९ च्या सुमारास टिळकांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती घेतले होते. प्रभू येशूचे संपूर्ण चरित्र मराठी काव्यात, ओवीबद्ध, घराघरांत वाचले जाईल अशा रीतीने लिहावयाचे. नाव ठेवले ‘ख्रिस्तायन’. रामायण ज्या घरांत मांडी घालून, दिव्याच्या उजेडात, लहानथोर मिळून ऐकले जाते, त्या घरांसाठी हे ख्रिस्ताचे आख्यान. एकट्याने मनात वाचावयाचे पुस्तक त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, कोणी तरी मध्येच विचारावे, आजीने आपले काही सांगावे, हे आपल्याकडचे खरे वाचन. आजही नवख्या मुलाला खोलीचे दार लावून बायबल वाच असे सांगण्यापेक्षा रात्रीच्या जपमाळेनंतर त्याच्याच हाती पुस्तक देऊन दहा ओळी मोठ्याने वाचावयास लावणे अधिक फलदायी होते, असा अनेक धर्मगुरूंचा अनुभव आहे.

‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून पुरे झाले नाही. सुरुवातीचे दहाएक अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या पत्नीला त्यांच्या या पुस्तकाने एके काळी निराधार केले होते, तिनेच ते लेखन पुढे नेले. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण असे नव्हतेच. ओवी मात्र त्यांच्या कानात होती आणि शुभवर्तमान आता त्यांचे स्वतःचे झाले होते. वर्षानुवर्षे बसून त्यांनी साठांहून अधिक अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचेही देहावसान झाले, आणि उरलेला शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी लिहून ग्रंथ सिद्धीस नेला.